पुडी बंद करायला मी सांगितलं

माझी चुलतबहीण तेव्हा सात वर्षांची. सकाळी तिचे गुडघे वाकायचे नाहीत. काकी तिला उचलूनच बाहेर न्यायची. वाडीत सगळे म्हणायचे, वाढीचं दुखणं आहे. मग वेल्ह्याच्या बाजारात एकाने पांढरी, बिननावाची पुडी दिली. ती घेतली की पोर दुपारी शेरडांमागं पळायची. वर्षभर हेच चाललं.

मी पुण्यात एम.एस्सी. करत होते. लहान मुलांच्या सांध्यांच्या आजारावर संशोधन करणाऱ्या डॉक्टर मॅडमच्या प्रयोगशाळेत शिकत होते. शरीराची राखण करणाऱ्या पेशी शरीरावरच उलटतात, तो हा आजार. पुडीत स्टेरॉइड असणार हे मी ओळखलं. स्टेरॉइड चालू असलेली मुलं मॅडमच्या अभ्यासात घेत नसत; अटींच्या कागदावर तसं लिहिलंच होतं. मला वाटलं, तिला अभ्यासात घेतलं नाही तर मॅडम तिला बघणारच नाहीत. तहसील कचेरीत एक कागद कमी असला की आमची माणसं परत येतात, तसंच हे. विचारायची हिंमत झाली नाही. काकीला मात्र फोन केला.

"पुडी बंद कर. पंधरा दिवसांनी हिला घेऊन ये."

"आन् दुखलं तर गं?"

"थोडं सोसू दे. रक्त स्वच्छ पाहिजे."

नवव्या दिवशी काकी तिला टेम्पोतून घेऊन आली. उलट्या होत होत्या, गुडघे तट्ट सुजले होते, डोळे उघडत नव्हते. मॅडमनी आधी तिला भरती करून घेतलं, मग मला जिन्यात गाठलं.

"इतक्या दिवसांचं स्टेरॉइड एकदम तोडतात? पोर गेली असती! आणि तिला तपासायला मला अभ्यास कशाला लागतो? नुसतं सांगायचंस."

नुसतं सांगायचं! मला संताप आला. असं नुसतं सांगून आमचं काम कधी झालंय? पुडीवाल्याचा आला, वाढीचं दुखणं म्हणणाऱ्यांचा आला. अटींच्या त्या कागदाचाही आला. पण कागदाने काकीला फोन केला नव्हता. तो मी केला होता, आणि शिकलेल्या माणसाच्या आवाजात केला होता.

काकी कॉटपाशी बसली होती. मी म्हटलं, "काकी, पुडी तोडायची गरज नव्हती. माझं चुकलं."

तिने पोरीच्या अंगावरची चादर सारखी केली.

"त्यो पुडीवाला परका व्हता," ती म्हणाली. "त्याला म्या चार येळा इचारलं, पुडीत काय हाय म्हणून. तुला एकदाबी न्हाई इचारलं."