मौनीबाईंचा वर्ग

कॉलेजातल्या मुलांनी बाईंना ‘मौनीबाई’ नाव ठेवलं होतं. पूर्वी त्या तासभर अखंड बोलायच्या. जीवरसायनशास्त्रातल्या रासायनिक क्रियांच्या लांबलचक साखळ्या फळ्यावर उतरायच्या, मुलं त्या पोपटासारखी घोकायची आणि परीक्षा झाली की सगळं पालथ्या घड्यावर पाणी. एकदा धडाधड साखळी म्हणून दाखवणाऱ्या पहिल्या नंबरच्या मुलीला त्यांनी विचारलं, "उपाशी माणसाच्या रक्तात साखर येते कुठून?" ती म्हणाली, "मॅडम, हे नोट्समध्ये नव्हतं." बाईंना स्वतःचाच इतका राग आला की त्यांनी खडू ठेवून दिला.

तेव्हापासून वर्गात गट बसतात. प्रत्येक गटाला एक रुग्ण, अर्थात कागदावरचा; त्याला काय झालंय ते गटानंच शोधायचं. आणि नियम एकच: आयतं उत्तर सांगेल तो वर्गाबाहेर. बाईंनाही सूट नाही. घरी आई ऐकवायची, "पगार बोलायचा घेतेस आणि गप्प बसून येतेस." बाई म्हणायच्या, "तू बसून दाखव तासभर."

मुलंही वैतागली. एक चष्मेवाला तर तडक प्राचार्यांकडे गेला. "मॅडम शिकवतच नाहीत." प्राचार्य याच विषयाचे जुने प्राध्यापक. त्यांनी बाईंना बोलावलं. "उद्या मी वर्गात बसतो. पटलं नाही, तर हे गटबिट बंद."

"या की," बाई म्हणाल्या. सोपा रुग्ण देऊन वेळ मारून नेता आली असती. त्यांनी हट्टानं सगळ्यात अवघड काढला.

आईच्या दुधावर गुटगुटीत झालेलं बाळ. फळांचा रस सुरू केला आणि ओकाऱ्या, अंग गार, रक्तातली साखर घसरलेली. चष्मेवाल्याचा गट इन्सुलिनच्या मागे लागला आणि चांगलाच भरकटला. मग एकीनं विचारलं, "दूधही गोडच की. तेव्हा कसं काही झालं नाही?" गटानं पुन्हा कागदात डोकं घातलं. बाईंच्या अगदी ओठावर आलेलं उत्तर त्यांनी गिळलं. प्राचार्यांना मात्र राहवेना. ते पुढे वाकून म्हणाले, "अरे, फळातली साखर फोडणारं एन्झाइमच नाहीये त्याच्याकडे. त्यामुळे..."

"सर," बाई उठल्या, "नियम दारावर लिहिलाय." त्यांनी दार दाखवलं.

"मॅडम, मी इथे तुमचा वर्ग चालू ठेवायचा की नाही ते ठरवायला आलोय."

"ठरवा ना. पण बाहेर उभं राहून."

प्राचार्य कानापर्यंत लाल झाले. उठून दाराबाहेर गेले खरे, पण उंबऱ्यापलीकडून वळून म्हणाले, "अर्धं सांगून झालंच आहे, आता उरलेलं तरी ऐका."

चष्मेवाला खुर्ची सरकवून उठला. हा आता साहेबांच्या मागे निघाला, असं बाईंना वाटलं. तो दाराशी थांबला.

"नको, सर. एन्झाइम नाही, ठीक आहे. पण मग साखर का घसरते, ते आमचं आम्ही बघतो."

आणि त्यानं दार आतून लावून घेतलं.