चाळीस मिरच्या आणि अक्काचे गाल

हे सांगितलं की तुम्ही हसणार. हसा, माझी हरकत नाही. आमच्या घरात मात्र हा विषय निघाला की आई ताटावरून उठते. मी आयुष्यात उद्योग काय कमी केले? पण हा असला उद्योग, की चहा पिता पिता आठवला तर चहा तसाच राहतो.

आमची अक्का माझ्याहून सात वर्षांनी मोठी. पिंप्राळ्यात बालवाडीत शिकवायची. तिच्या नाकावर, गालांवर कायम लाली. लाजल्यासारखी नव्हे हो, कोणीतरी दोन कानाखाली दिल्यासारखी! आणि जवळून बघितलं तर कातडीला भोकंच भोकं, मोसंबीच्या सालीसारखी. बालवाडीतली पोरं विचारायची, "बाई, तुम्हाला कोणी मारलं?" दोन स्थळं आली, दोन्ही गेली. पोहे मात्र दोघांनीही संपवले.

मग मी तिला भुसावळला कातडीच्या डॉक्टरांकडे नेलं. ते म्हणाले, "याला रोझेशिया म्हणतात. जिवाला धोका नाही, पण लवकर पाठ सोडत नाही. रोज हे मलम लावा. तिखट नको, ऊन नको, वाफ नको, घासणं तर नकोच."

मी विचारलं, "आणि ही भोकं कधी बंद होणार?"

"ती काय दारं आहेत, कडी लावायला? लाली उतरली की तीही बारीक दिसतील. दोन-तीन महिने धीर धरा."

दोन-तीन महिने! इकडे धुळ्याचे पाहुणे येत्या रविवारी अक्काला बघायला येणार!

परतीच्या गाडीत अक्का खिडकीकडे तोंड करून बसली. तशीच म्हणाली, "गावभर उचापती करत फिरतोस. माझ्यासाठी एक कर ना रे."

झालं. माझ्या अंगात आलं.

आमच्या गल्लीत सुकाभाऊचं सलून. त्याला विचारलं. तो म्हणाला, "दाढी झाल्यावर तुरटी कशाला फिरवतो आपण? भोकं मिटायला! आधी वाफेनं उघडायची, मळ काढायचा, मग तुरटी. कातडी एकदम काचेसारखी!" आता तुम्हीच सांगा. डॉक्टरने दोन मिनिटं गाल बघितले, सुकाभाऊ तीस वर्षं गालच बघतोय. मी कोणाचं ऐकणार?

शनिवारी दुपारी अक्काला उकळत्या पातेल्यावर वाकवून वरून चादर टाकली.

"अरे, डॉक्टर वाफ नको म्हणाले होते ना?"

"ते घाई नसलेल्या लोकांसाठी."

वाफ झाली. मग टॉवेलने घासलं. मग तुरटी.

"जळतंय रे."

"मिटताहेत, अक्का."

रविवारी सकाळी अक्का बाहेर आली तेव्हा गालांचं बीट झालेलं, नाक सुजलेलं. आणि भोकं? जागच्या जागी! आईने तोंडाला पदर लावला. नाना, म्हणजे आमचे वडील, उठले. बाहेर जाऊन धुतलेलीच सायकल पुन्हा पुसत बसले. अक्का एवढंच म्हणाली, "त्यांना येऊ नका म्हणून कळवा." कळवणार कसं? फोन होता कोणाकडे? आणि धुळ्याची गाडी केव्हाच सुटलेली.

माणसाने इथे थांबावं की नाही? मी नाही थांबलो. मी विचार केला, अक्काची लाली उतरत नाही ना, मग सगळ्यांना चढवू! एक लाल तोंड असलं की लोक बघतात. सगळीच लाल झाल्यावर कोण कोणाचं बघतो?

पाहुण्यांना भरीत-पुरीचा बेत होता आणि आमच्या घरात भरीत ठेचायचं काम माझं. आईने आठ मिरच्या काढून ठेवल्या होत्या. मी लवंगी घेतल्या, चांगल्या चाळीस. अक्कासाठी बिनमिरचीची वाटी वेगळी काढली. बघा, एवढी अक्कल होती मला!

पाहुणे आले. मुलगा प्रकाश, धुळ्याला कारकून. काय गोरापान चेहरा! पिठात बुडवून काढल्यासारखा. सोबत त्याची आई. बाई इतकी मायाळू, की अक्काच्या गालांकडे बघून अहिराणीत नुसतं म्हणाली, "पोर घाबरनी शे." आणि जेवायला बसताना तिने ती वेगळी वाटी बाजूला सारली.

"इले येगळं काबर? ये बेटा, मना ताटमा खाय. आते तू आमनीच शे."

आमनीच शे, म्हणजे आमचीच आहेस! आईच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. स्थळ जमलं होतं हो! माझ्या मिरच्यांशिवाय जमलं होतं! आणि त्या माउलीने स्वतःच्या हाताने चाळीस मिरच्यांचा घास अक्काच्या तोंडात घातला.

अक्काचा चेहरा पेटला. पण तिच्याकडे कोणाचं लक्षच नव्हतं. प्रकाशने भिडेखातर चार घास गिळले होते. त्याला दरदरून घाम फुटला, आणि घामाबरोबर गोरेपण शर्टावर उतरायला लागलं. पावडर होती! खाली अगदी अक्काचाच चेहरा. तीच लाली, तेच नाक, तीच मोसंबीची साल.

दोघं एकमेकांकडे बघत राहिले. अक्का कोणाकडे इतका वेळ तोंड वर करून बघते, हे मी पहिल्यांदा बघत होतो. मला वाटलं, जिंकलो!

त्याची आई ताट सरकवून म्हणाली, "कोनी सांगं तुमले? मना पोरनी परीक्षा लिधी?"

"नाही हो ताई, परीक्षा कसली घेणार, आम्हाला काहीच माहीत नव्हतं," नाना हात जोडून म्हणाले. मग माझ्याकडे वळले. "मिरच्या किती टाकल्या?"

"चाळीस."

"कशाला?"

"सगळ्यांची तोंडं लाल व्हावीत म्हणून."

खरं बोललो! जन्मात एकदा खरं बोललो, ते नेमकं तेव्हा!

बाई हातही न धुता उठली. पुढे नानांनी दोन पत्रं टाकली, उत्तर आलं नाही. अक्काने मलम नेमाने लावलं. तीन महिन्यांत लाली उतरली, भोकंही बारीक दिसायला लागली. डॉक्टर म्हणाले होते तसंच. पण तेव्हा बघायला कोणी येणार नव्हतं.

त्या दिवशी निघताना एक झालं, ते मी घरात कधी सांगितलं नाही. प्रकाश चप्पल घालायच्या निमित्ताने मागे रेंगाळला आणि हळूच अक्काला म्हणाला, "तुम्ही काय लावता?"

अक्काचे डोळे वाहत होते. मिरचीने की कशाने, मी विचारलं नाही.

"हा सांगेल ते," ती माझ्याकडे बोट दाखवून म्हणाली.

त्याने मला वरपासून खालपर्यंत बघितलं.

"मग राहू द्या," म्हणाला, आणि रिक्षात जाऊन बसला.