माहेरी परतलेलं प्रवाळ

ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्यावरच्या येपूनमध्ये क्लेम हॅरिगनच्या घरी कोणी टाकीत वाढवायच्या जिवंत प्रवाळाचा तुकडा भेट म्हणून घेऊन आलं, तर माणसाला वर बोलावून चहा मिळायचा आणि प्रवाळाची रवानगी खाली शेडमध्ये व्हायची. शेडमध्ये एक उघडीबोडकी काचेची टाकी होती. तळाला वाळू नाही, कोपऱ्यात दगड नाही, किड्याला लपायला जागा म्हणून नाही. क्लेम तिला कोठडी म्हणायचा. नवं प्रवाळ तिथे कित्येक आठवडे पडून राहायचं. ठरल्या दिवशी औषधाच्या पाण्यात आंघोळ, मग भिंगाखाली उलटसुलट तपासणी. ज्या चकतीला ते चिकटून आलं असेल ती चकती तर पहिल्याच दिवशी हाडं कापायच्या कात्रीने तोडून कचऱ्यात. आंघोळीने किडे गळून पडतात, पण त्यांची अंडी ढिम्म हलत नाहीत. ती बुडाशी चिकटलेली असतात, म्हणून बूडच शिल्लक ठेवायचं नाही, असा त्याचा खाक्या. सगळी नोकरी त्याने रॉकहॅम्प्टनच्या कत्तलखान्यात गुरांच्या हाडांवरून मांस सोडवण्यात काढलेली, त्यामुळे कात्री चालवताना हात कधी कचरला नाही.

या हट्टापायी त्याने माणसं तोडली नाहीत असं नाही. सख्खा भाऊ एका ख्रिसमसला एवढा मोठा जांभळा गुच्छ घेऊन आला आणि म्हणाला, "अरे, माझ्या टाकीतलं आहे, चोरीचं नाही." क्लेम म्हणाला, "तुझ्या टाकीत काय आहे ते तुला तरी माहीत आहे का?" भाऊ जेवायला थांबला नाही. नोलीनने, म्हणजे क्लेमच्या बायकोने, भाजलेल्या डुकराचं ताट झाकून ठेवलं आणि दोन दिवस नवऱ्याशी अबोला धरला. अबोल्याने क्लेमचं काही बिघडत नसे. तो शेडमध्ये भिंग घेऊन बसलेला असायचा.

हे सगळं कशासाठी, तर वरच्या बैठकीतल्या मोठ्या टाकीसाठी, आणि खरं सांगायचं तर तिच्यातल्या एका प्रवाळासाठी. फांद्याफांद्यांचं, हिरवंगार, टोकांना निळसर. लग्न नवं असताना क्लेमने परवानावाल्या पाणबुड्याकडून अंगठ्याएवढा तुकडा विकत घेतला होता, त्याचं तीस वर्षांत झुडूप झालं. दोघांना मूलबाळ नव्हतं. त्या दुःखाचा त्यांनी कधी बाऊ केला नाही, पण बेव्हनसारखा जुना दोस्त त्या प्रवाळाला "तुमची पोरगी" म्हणायचा आणि दोघांपैकी कोणी त्याला गप्प करत नसे.

या छंदातल्या लोकांची एक रीत आहे. जीव लावलेल्या प्रवाळाचे तुकडे दोस्तांना वाटून ठेवायचे. उद्या आपली टाकी बसली, म्हणजे आतलं सगळं मेलं, तर दोस्ताकडून आपलंच प्रवाळ परत आणता येतं. क्लेमनेही तुकडे वाटले होते. कोणी गाव सोडलं, कोणाचा छंद सुटला, कोणाचं उन्हाळ्यात शिजून गेलं. शेवटी एकच उरला होता, बेव्हनकडे.

मग क्लेमला झटका आला. उजवं अंग गेलं आणि वाचा गेली. नोलीन रॉकहॅम्प्टनच्या हॉस्पिटलात त्याच्या उशाशी असताना किनाऱ्यावर वादळ आलं आणि येपूनची वीज गेली, टाकीचे पंप बंद पडले. ती घरी परतली तेव्हा जिन्यावरच वास आला. टाकीतले काही मासे कसेबसे तगले होते. तीस वर्षांचं झुडूप पांढरंफटक पडून त्यावर शेवाळ धरलं होतं. नोलीन बैठकीत जमिनीवर बसून रडली. नवऱ्याच्या झटक्याला तिच्या डोळ्यांतून टिपूस आलं नव्हतं, ते सगळं त्या दिवशी आलं.

बातमी कळताच बेव्हन एक तुकडा स्वतःकडे ठेवून बाकीचं प्रवाळ बादलीत घेऊन हजर. "घे. तुझी पोरगी. एवढीशी दिली होती, बघ केवढी झाली."

"बेव्हन, तुझं भलं होवो रे."

"भलं कसलं? तुमचंच आहे. क्लेम घरी येईल तेव्हा रिकामी टाकी दिसायला नको."

आता इथे नोलीनची चूक झाली, आणि ती या छंदातल्याच लोकांच्या हातून होण्यासारखी होती. क्लेमचा कायदा नव्या प्रवाळासाठी होता. हे नवं कुठे होतं? याच टाकीत वाढलेलं, याच घरातून गेलेलं. माहेरी परतलेल्या लेकीची कोणी दारात झडती घेतं का? कोठडीचा विचार नोलीनच्या मनाला शिवलासुद्धा नाही. तिने बादलीतून ते उचललं, चकतीसकट, आणि सरळ टाकीत, क्लेमच्या खुर्चीसमोर येईल अशा दगडावर ठेवलं. बेव्हनलाही त्यात काही वावगं वाटलं नाही.

क्लेम घरी आला. रुग्णवाहिकेच्या दोघा पोरांनी त्याला उंच खांबांवरच्या त्या घराचा जिना चढवून वर नेलं, आणि तो आता स्वतःच्या पायांनी खाली उतरणार नाही हे सगळ्यांनाच कळत होतं. त्याच्यापाशी एकच शब्द उरला होता, "बरं". भूक लागली की बरं, राग आला की बरं, सूप गरम लागलं की बरं. पण टाकीसमोर बसवल्यावर त्याने ते हिरवं प्रवाळ पाहिलं आणि जो "बरं" म्हणाला, तो नोलीनने मनात जपून ठेवला.

काही दिवस सुखात गेले. मग फांद्यांचा रंग उतरायला लागला. नोलीनने आधी दिव्याला दोष दिला, मग पाण्याला. एके सकाळी तिने फुग्याची पिचकारी घेऊन फांद्यांवर पाण्याचा झोत मारला, आणि सालपटासारखं काहीतरी सुटून गिरक्या घेत खाली गेलं. चपटा किडा. अंगाचा रंग हुबेहूब प्रवाळाचा, त्यामुळे बसलेला असताना दिसत नाही. मग बुडाशी तपकिरी अंड्यांचे पुंजके दिसले, आणि सालीवर फिकट गोल चावे. मागे वळून पाहण्याची हिंमत होईना, कारण मागे क्लेम बसला होता आणि त्याचे डोळे शाबूत होते.

तिने स्वयंपाकघरात जाऊन बेव्हनला फोन लावला. "बेव्हन, तुझ्या टाकीत झोत मारून बघ."

थोड्या वेळाने त्याचा फोन आला. "नोली... सगळीकडे आहेत गं. फांदीवाल्या सगळ्यांवर. मी समजत होतो बल्ब जुने झालेत म्हणून रंग गेला."

"तुझ्याकडचा हिरवा तुकडा?"

"तो तर सकाळीच पांढरा होता. गाढव आहे मी. लाथा घाल मला."

"लाथा घालायला वेळ नाही," नोलीन म्हणाली. म्हणजे जगात आता तेवढं एकच उरलं होतं, तिच्या बैठकीतलं, आणि तेही पोखरलेलं.

काय करायचं हे तिला पाठ होतं. प्रवाळ बाहेर काढायचं, बूड तोडायचं, कोठडीत टाकायचं आणि न चुकता आंघोळी घालायच्या. बैठकीतली टाकी तोवर प्रवाळाविना ठेवायची. हा किडा दुसरं काही खात नाही, त्यामुळे मागे राहिलेल्या अंड्यांतून जे निघेल ते उपाशी मरेल. पण त्यासाठी महिने लागतात. तेवढे दिवस क्लेमने कशाकडे बघायचं?

तिने प्रवाळ खाली नेलं. क्लेम रिकाम्या दगडाकडे बघत बसला. दोन-तीन दिवसांनी त्याने चमच्याला तोंड उघडणं कमी केलं. घरी येणारी नर्स लुपे टोंगा बेटांवरची होती, धिप्पाड आणि मायाळू, क्लेमला पापा म्हणायची. तिने एका दुपारी नोलीनला ओट्याशी गाठलं.

"मम्मा, खोटं बोलू का खरं?"

"तुला खोटं जमत नाही, लुपे. बोल."

"पापाकडे फार दिवस नाहीत. त्यांना जे आवडतं ते करा. नियमबियम ठेवा बाजूला."

लुपेला प्रवाळाचं काही ठाऊक नव्हतं, ती पथ्यात न बसणाऱ्या कस्टर्डबद्दल बोलत होती. पण नोलीनने त्याच दिवशी ठरवलं. खड्ड्यात गेली कोठडी. माणूस मरायला टेकलाय आणि मी किडे कसले मारत बसलेय? दुसऱ्या दिवशी सकाळी तिने तुकडा भिंगाखाली धरला. एका फांदीवर नवा, ताजा चावा होता. तिने तो पाहिला. पाहूनही तिने तुकडा भांड्यात ठेवला आणि भांडं घेऊन जिना चढली.

क्लेमचा चेहरा उजळला, यात शंका नाही. त्याने डावा हात पुढे केला. नोलीनने भांडं त्याच्या मांडीवरच्या ट्रेमध्ये ठेवलं. त्याने तुकडा हळूच उचलला, पाण्याबाहेर न काढता उलटा केला आणि बूड पाहिलं. मग एकेक फांदी फिरवली. त्या चाव्यापाशी त्याचं बोट थांबलं. त्याने मान वर करून बायकोकडे पाहिलं. आयुष्यात कधी तिला इतकं उघडं पडल्यासारखं झालं नव्हतं.

"तुला दिसावं म्हणून आणलं रे," ती म्हणाली. "तुझ्यासाठी. कोठडी गेली चुलीत. दोन दिवस बघ तरी."

क्लेमने भांडं तिच्याकडे सरकवलं. पाणी ट्रेमध्ये सांडलं. "बरं," तो म्हणाला, आणि हा बरं म्हणजे चक्क नाही होता.

नोलीन संतापली. "तू आणि तुझा नियम! मरताना तरी सोड की! मी दिवसभर वरखाली करते, त्याचं काही नाही तुला?" ती रडत होती आणि बोलत होती. क्लेम ऐकत राहिला. मग त्याने खिडकीबाहेर, खाली शेडकडे बोट केलं, आणि तेच बोट आपल्या छातीवर टेकवलं. मग ट्रेवर. हे त्याने पुन्हा करून दाखवलं तेव्हा तिच्या डोक्यात उजेड पडला. प्रवाळ टाकीत ठेवायचं नव्हतं त्याला. त्याला आंघोळ घालायची होती. इथे, त्याच्यासमोर.

तेव्हापासून आंघोळीच्या दिवशी औषध, पांढरी बशी, भिंग, पिचकारी सगळं वर यायचं. नोलीन झोत मारायची आणि क्लेम बशीत पडलेले किडे शोधून एकेकावर बोट ठेवायचा. औषध कडक होतं. कमी वेळ ठेवलं तर किडे जगतात, जास्त ठेवलं तर प्रवाळच जळतं. वेळ झाली की क्लेम डाव्या हाताच्या बोटाने ट्रेवर टकटक करायचा, आणि त्याचं गणित कधी चुकलं नाही. टकटक झाली की नोलीन तुकडा उचलून स्वच्छ पाण्यात सोडायची आणि खाली पोचवायची. चुकून ती बोलत बसली तर टकटक वाढायची. "अरे हो, ऐकलं, बहिरी नाही मी," ती म्हणायची. त्या दिवशी तो कस्टर्डची वाटी संपवायचा. किडे कमी होत गेले. एका खेपेला बशीत एकच पडला आणि क्लेम एवढा खूश झाला की त्याने तिच्या हातावर चापटी मारली.

पुढच्या आंघोळीच्या सकाळी त्याचा श्वास बरा नव्हता. नोलीन म्हणाली, "आज राहू दे." त्याने ट्रेकडे बोट केलं. ती सामान घेऊन आली. तुकडा औषधात घातला, झोत मारला. दोघांनी वाट पाहिली. काहीच पडलं नाही. तिने पुन्हा मारला. बशी स्वच्छ.

"क्लेम, एकही नाही! बघ, एकही नाही रे!"

त्याने पाहिलं. आणि त्याचं डोकं उशीवर मागे गेलं, छातीतून घरघर सुरू झाली. नोलीनने पिचकारी टाकून त्याचा चेहरा धरला. लुपेला फोन करायचं तिच्या मनात आलं, पण फोन स्वयंपाकघरात होता आणि तिला त्याच्यापासून हलवेना. क्लेमचे डोळे तिच्यावर नव्हते. ते बशीवर होते. त्याचं बोट ट्रेवर वाजायला लागलं.

टकटक.

"हो हो, काढते," ती म्हणाली, आणि काढलं नाही.

टकटक. टकटक.

तिने त्याचा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला. बोट तिच्या तळव्यात अजून हलत होतं. तिने घट्ट धरलं. हळूहळू ते थांबलं.

लुपे आली तेव्हा दुपार व्हायला आली होती. नोलीन तशीच बसली होती. ट्रेवरच्या बशीत प्रवाळाची साल सुटून औषधाच्या पाण्यावर तरंगत होती, आणि खाली नुसतं पांढरं हाड उरलं होतं.

अंत्यसंस्कारानंतर घरी सँडविच आणि चहा झाला, माणसं पांगली. बेव्हन कपबशा विसळत होता. ओट्यावरची ती बशी कोणी धुतली नव्हती. शेवटी त्याला राहवलं नाही.

"नोली, आत्ता बोलू नये, पण... शेवटचं होतं गं ते. आणि स्वच्छ झालं होतं. उचलून बाजूला ठेवायला कितीसा वेळ लागला असता?"

"काहीच नाही," नोलीन म्हणाली. "तो सांगत होता ना मला. पुन्हा पुन्हा सांगत होता."

"मग?"

"मग काय. हात धरला मी त्याचा. मला वाटलं, जाताना हातात हात हवा." तिने ओल्या फडक्याने ओटा पुसला, पुसलेलाच पुन्हा पुसला. "तेवढ्या हातानेच तर बोलायचा तो, बेव्हन. आणि मी तोच दाबून धरला."