सातचं प्रॅक्टिकल

असल्फाच्या टेकडीवर राहणाऱ्या प्रेमा घाडीला कॉलेजातून फोन आला आणि हातातला डाव आमटीतच राहिला. जान्हवीची हजेरी भरत नाही, परीक्षेला बसता येणार नाही, येऊन भेटा, असं तिच्या मॅडम म्हणाल्या. हजेरी भरत नाही? रोज डबा घेऊन बाहेर पडते ती पोर जाते कुठे मग?

ही प्रेमा काय चीज आहे ते सांगायला हवं. स्वतः दहावीला गणितात आपटलेली, चकाल्याच्या एका ऑफिसात पॅन्ट्री सांभाळणारी बाई. पण मे महिन्यात कणकवलीकडच्या आपल्या गावी गेली, की बारावी झालेली हुशार पोरगी हेरायची आणि तिच्या बापाच्या ओटीवर ठाण मांडायची. लग्नाची घाई कसली झालीय तुला, पोर माझ्याकडे दे, खाणंपिणं माझ्याकडे लागलं, असं दरडावायची. बाप हो म्हणत नाही तोवर चहाला हात लावायची नाही. जान्हवी अशीच आणलेली. हिला बी.एस्सी. करून दाखवीन, असा शब्द प्रेमानं चारचौघांत दिला होता.

त्या शब्दाची आता वाट लागली होती. रिक्षात बसल्या बसल्या तिनं मनातल्या मनात पोरीचे वाभाडे काढले. मोबाइल असेल, नाहीतर कुणीतरी पोरगा असेल. मुंबईचं वारं लागलं, दुसरं काय!

केबिनबाहेर जान्हवी मान खाली घालून उभी होती. मॅडमनी शांतपणे सांगितलं, पोरगी हुशार आहे, नऊनंतरचा एकही तास चुकवत नाही. पण प्रॅक्टिकल सातला असतं, त्याला ती कधीच वेळेवर येत नाही. प्रेमा चक्रावली. कॉलेज नऊचं, असंच ती धरून चालली होती आणि पोरीनंही कधी वेगळं सांगितलं नव्हतं.

“सकाळी घरी असं काय असतं?” मॅडमनी विचारलं.

“पाणी येतं,” प्रेमा म्हणाली, आणि तिनं जीभ चावली.

सहाला टेकडीच्या पायथ्याशी नळ यायचा. प्रेमाचे गुडघे धरलेले. आल्या दिवशीच जान्हवीनं आपणहून कळशी उचलली आणि तेव्हापासून पाणी तीच भरायची. दुसऱ्याच्या घरात बसून खायचं नाही, हे गावातून शिकूनच आलेली. आणि प्रेमानं काय करावं? पोर बघा किती गुणी, म्हणून शेजारणींना सांगत सुटली. तुझं कॉलेज किती वाजता गं, एवढं विचारायचं काही बाईला सुचलं नाही. कपाळ!

महिनाभर रोज सातला आली तर राहिलेली प्रॅक्टिकल करून घेते, परीक्षेला बसू देते, असं मॅडम म्हणाल्या. उद्यापासून पाण्याचं मी बघते, म्हणत प्रेमानं हात जोडले. पण बाहेर येताच तिनं जान्हवीचा दंड धरला.

“अगो, एका शब्दानं सांगायचं होतंस ना मला.”

जान्हवीच्या डोळ्यांत पाणी आलं. “कमलतायन सांगितल्यान, मावशी मायाळू आसा, फक्त पाणी भरल्याशिवाय घराभायर पडू नको.”

प्रेमानं धरलेला दंड सोडला. कमल म्हणजे जान्हवीच्या आधी आणलेली पोर. याच कॉलेजात पहिल्या वर्षी नापास झाली, तेव्हा तुला अभ्यास नको, नुसती मुंबई हवी, असं ऐकवून प्रेमानं स्वतः तिला गावच्या गाडीत बसवलं होतं. वर्षाच्या आत बापानं तिचं लग्न उरकलं. मांडवात कमल पाया पडायला वाकली, तेव्हा प्रेमानं तिच्या डोक्यावर हात ठेवून म्हटलं होतं, “आता तरी नीट वाग.”