खिशातली फायरिंग पिन

फ्रॅकसन म्पोंडा यांना एका जागी बसवत नाही. शस्त्रागाराच्या खिडकीपासून मागच्या भिंतीपर्यंत अकरा पावलं आहेत. ती ते दिवसभर टाकत असतात. बायको म्हणते, जेवतानाही त्यांचा एक पाय हलतच असतो. एन्सिमाचा, म्हणजे मक्याच्या घट्ट उकडीचा, घास हातात तसाच आणि नजर दाराकडे.

मलावी सरोवराकाठच्या या छावणीत म्पोंडा एकोणीस वर्षं रायफली देतात आणि परत घेतात. सकाळी सहाला पहाऱ्याचे शिपाई खिडकीशी येतात. आपल्या नंबरचा पत्र्याचा बिल्ला द्यायचा, रायफल आणि वीस गोळ्या घ्यायच्या. बिल्ला रायफलीच्या रिकाम्या जागी टांगला जातो. मग शिपाई गोळ्या मोजतो. परत करताना एक जरी कमी भरली तर चौदा दिवस कोठडी, त्यामुळे अर्धवट झोपेतला माणूसही मोजतो.

आठ वर्षांपूर्वी एकाने मोजल्या नाहीत. म्पोंडांनी ते पाहिलं आणि पुढच्याला हाक मारली. संध्याकाळी रायफल परत आली, माणूस आला नाही. चौकशीत म्पोंडांना कोणी काही विचारलं नाही. तेव्हापासून ते रायफल देताना रायफलीकडे बघत नाहीत, बोटांकडे बघतात.

छावणीचा नियम होता: मन ठिकाणावर नसेल तर दवाखान्यात जायचं. तिथून 'शस्त्र देऊ नये' अशी चिठ्ठी मिळायची आणि ती ड्यूटीच्या फळ्यावर लागायची. फळा सगळी छावणी वाचते. चिठ्ठी लागलेल्याला दुपारपर्यंत 'आचारी', म्हणजे बंदुकीऐवजी पळी धरणारा, हे नाव पडायचं. म्हणून दवाखान्यात कोणी जात नसे.

म्पोंडांनी आपला मार्ग काढला. शंका आली की रायफलीची फायरिंग पिन, जिच्याविना गोळी सुटत नाही, काढून खिशात टाकायची आणि नळीला 'नादुरुस्त' अशी पिवळी चिठ्ठी बांधायची. आजारी रायफल, माणूस ठणठणीत. तो फाटकावर वही लिहायला बसायचा आणि म्पोंडा त्याच्या अवतीभवती फिरायचे. खोटी चिठ्ठी बांधणं गुन्हा आहे, हे त्यांना माहीत होतं.

मार्चमधल्या एका मंगळवारी कॉर्पोरल लॉटी कांजीरा गोळ्या न मोजता निघाला. काँगोच्या मोहिमेवरून परतून त्याला सहा महिने झाले होते. आदल्या आठवड्यात त्याने आपले फुटबॉलचे बूट, अगदी नवे, कोणाला तरी देऊन टाकले होते.

"थांब. आण ती इकडे," म्पोंडा म्हणाले. "पिन गेलीय हिची."

"काल तर चांगली होती, बाम्बो." छावणीत म्पोंडांना सगळे बाम्बो, म्हणजे बाबा, म्हणतात.

"काल माझा गुडघाही चांगला होता. जा, फाटकावर बस."

तीन दिवस म्पोंडा फाटकाकडे चकरा मारत राहिले. कधी सुकी मासळी घेऊन, कधी पेन मागायला. "झोप लागते का रे?" "लागते." एवढ्यावरच ते परत यायचे. खरं विचारायचं ते राहूनच जायचं.

शुक्रवारी कर्नलसाहेबांची तपासणी होती. म्पोंडांचा जुना सहकारी जाफाली कामाचा पक्का. तपासणीत पिवळी चिठ्ठी दिसली तर बाम्बोंची अब्रू जाईल, म्हणून गुरुवारी दुपारी त्याने नवी पिन बसवून चिठ्ठी काढून टाकली. शुक्रवारी सकाळी म्पोंडा मैदानावरची टेबलं लावून परतले, तर लॉटीच्या रायफलीच्या जागी बिल्ला लटकत होता.

"ही कुठाय?"

"दिली की. तुमचंच काम हलकं केलं, बाम्बो."

"गोळ्या मोजल्या त्याने?"

"आता काय लोकांची बोटं बघत बसू?"

लॉटीचा पहारा पाण्याच्या पंपाशी होता, मैदानाच्या पलीकडे. म्पोंडा धावत सुटले. रांगेतून कोणीतरी ओरडलं, "बाम्बो, पेन्शन पळून चाललं काय?"

पंपाजवळ रायफल भिंतीला टेकवलेली होती आणि लॉटी तिच्याकडे पाठ करून पायरीवर बसला होता. म्पोंडांनी आधी रायफल उचलून आपल्या खांद्याला अडकवली. आडवळणाने विचारायला श्वासच उरला नव्हता.

"जीव द्यायचं मनात आहे का तुझ्या?"

"मंगळवारीच विचाराल असं वाटलं होतं."

"मंगळवारी घाबरलो. आत्ता विचारतोय."

"आहे. रोज असतं."

"चल दवाखान्यात."

"फळ्यावर नाव लागेल माझं."

"माझंही लागेल आज. शेजारी शेजारी लावा म्हणून सांगू."

लॉटी हसला नाही, पण उठला.

दवाखान्यातल्या एनिफा मकावा त्याच्याशी दोन तास बोलल्या. औषध सुरू झालं, दर गुरुवारी भेट ठरली आणि गावाहून त्याची बहीण सोबतीला आली. त्याच दिवशी म्पोंडांनी खिशातली पिन कर्नलसाहेबांच्या टेबलावर ठेवली आणि सगळं सांगितलं. शिक्षा म्हणून ते सार्जंटचे कॉर्पोरल झाले. दवाखान्याच्या चिठ्ठ्या फळ्यावर न लावता बंद पाकिटातून थेट शस्त्रागारात यायला मात्र आणखी सात महिने लागले.

लॉटी आता बुटांच्या कोठारात काम करतो. रायफल त्याला अजून मिळालेली नाही. दर गुरुवारी दवाखान्यात जाताना तो खिडकीशी थांबतो. म्पोंडा एकच शब्द विचारतात, "आज?" तो खरं सांगतो. कधी "थोडं", कधी "बरंच". "बरंच" असलं की म्पोंडा खिडकी जाफालीवर सोपवून त्याच्याबरोबर जातात.

गेल्या गुरुवारी त्याला वीस मिनिटं उशीर झाला. म्पोंडांनी खिडकी ते भिंत किती फेऱ्या घातल्या ते जाफालीने मोजलं: त्र्याण्णव. मग लॉटी आला, केस कापून.

"न्हाव्याकडे गर्दी होती, बाम्बो."

"आज?"

"आज नाही."

"पुढच्या वेळी केस न कापता ये," म्पोंडा म्हणाले आणि पुन्हा भिंतीकडे चालू लागले.