बॉयलरवाल्या चाचांचा शब्द

"हात कोनी लावला?"

कुठलंही यंत्र उघडण्याआधी चाचा हे विचारायचे. रामराम नंतर. डावा डोळा बारीक करून घरातल्या प्रत्येकाकडे बघायचे, आणि तुम्ही माझ्यासारखे असाल तर काही केलेलं नसतानाही तुमची मान खाली जायची. "मशीन खोटं बोलत न्हाय, मानूस बोलतो," हे त्यांचं ठरलेलं वाक्य.

आखातात वर्षानुवर्षं बॉयलर सांभाळून ते मुरुडला परतले होते. आम्ही घरातल्या चार खोल्या पर्यटकांना देतो. आमचा बॉयलर त्यांनीच बसवला. त्याचा एक सेन्सर मागच्या भिंतीवर, बाहेर. हवा गार झाली की तो बॉयलरला पाणी जास्त तापवायला सांगतो. गेल्या वर्षी ऐन एप्रिलात नळाला कढत पाणी येऊ लागलं आणि पाहुणे ओरडू लागले.

चाचांनी सेन्सर बदलला. आठ दिवसांत पुन्हा तेच. त्यांनी दुसरा बसवला, पुन्हा तेच! माझ्या मनात पाल चुकचुकली. काढलेला सेन्सर ते खिशात घालून नेत. तोच पुसून मला परत लावत असतील तर?

तिसऱ्या खेपेला ते न सांगताच आले. मी एसटी स्टँडवर पाहुणे आणायला गेलो होतो. परतलो तर सेन्सर वर पत्र्याखाली, शिडीशिवाय हात पोचणार नाही असा बसवलेला. चाचा आईशी बोलत होते. मला बघताच दोघंही गप्प झाली.

"काय झालं होतं?"

"माजी चूक. जागा चुकली हुती."

उभ्या गावावर संशय घेणारा माणूस स्वतःची चूक कबूल करतो? चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय! तीन लॉजवाल्यांना मी सांगून टाकलं, चाचा जुनाच माल लावतात, जपून राहा. बातमी काशीदपर्यंत गेली. चाचांना बोलावणी येईनाशी झाली. बाजारात भेटले की ते एवढंच विचारायचे, "पानी बराबर हाय ना?" मी मान हलवून पुढे जायचो.

परवा चाचा गेले. बातमी ऐकून आईने गॅस बंद केला आणि मला स्वयंपाकघरात बोलावलं.

"त्या सेन्सरवर मीच ओलं फडकं टाकायचे रे. माझ्या रक्तदाबाला कढत पाणी नको, असं डॉक्टरांनी सांगितल्यापासून तू पाणी कोमट ठेवायचास, आणि माझे गुडघे ठणकायचे. गार लागलं की तापवतो, हे बॉयलर बसवताना त्यांनीच मला समजावलं होतं. त्या दिवशी त्यांनी मला पकडलं. मी म्हटलं, मुलाला सांगू नका. म्हणाले, 'काकी, जबान दिली.'"

"आणि मी गावभर बोलत होतो तेव्हा?"

"मी म्हटलं, आता सांगते. तर म्हणाले, 'ऱ्हाऊ द्या. संशय माज्यावर घेऊ दे. पोरानं आईवर घेऊ नये.'"

मला माझीच लाज वाटली. तसाच कब्रस्तानाकडे गेलो. ते तिघेही लॉजवाले फाटकाशी उभे होते.

"चाचांनी मला फसवलं नव्हतं," मी म्हणालो. "चूक आमच्या घरातली होती."

"मग तेव्हा का नाही बोललास?" एकाने विचारलं.

आईचं नाव मी घेतलं नाही. "माझी चूक," म्हणालो आणि फाटकातून आत गेलो. आत माती देणं सुरू झालं होतं.