आधी सांगून टोचणारी

माझ्या नणंदेचा हात फार हलका आहे, असं त्यांच्याकडून रक्त काढून घेतलेला प्रत्येक जण सांगतो. पंधरा वर्षं एका घरात काढल्यावर मी सांगते, हात चारचौघींसारखाच आहे. सगळी करामत तोंडाची.

रक्त तपासायच्या लॅबमध्ये, आत शिरल्यावर डाव्या बाजूला, हिरव्या पडद्यामागे ताईंची खुर्ची. सकाळी सातपासून उपाशीपोटी आलेली, जांभया देणारी, बायकोवर नाहीतर मुलावर खेकसत आलेली माणसं तिथे येऊन बसतात आणि बाही वर करतात. ताई एकेक गोष्ट करायच्या आधी सांगतात. आता पट्टा बांधणार आहे, दंडाला आवळल्यासारखं होईल. आता कापूस फिरवणार आहे, गार लागेल. आता टोचणार आहे, दुखेल, पण थोडं. बावीस वर्षांत त्या कुणालाही ‘दुखणार नाही’ म्हणालेल्या नाहीत. लहान पोरालासुद्धा नाही. पोराची आई डोळे वटारते, पण पोर मात्र निमूट हात पुढे करतं.

ही सवय त्यांना एका फजितीने लागली. शिकाऊ असताना त्यांच्या वरच्या बाईंनी युक्ती शिकवली होती, की माणसाला गप्पांत गुंतवायचं आणि पटकन सुई घालायची. एका धिप्पाड ट्रक ड्रायव्हरला ताईंनी मुलं किती म्हणून विचारलं आणि तो बोटं मोजत असतानाच टोचलं. त्याने हात असा हिसडला की सुई वाकडी झाली, नळ्यांचा स्टँड जमिनीवर गेला आणि गडी घेरी येऊन पडला. शुद्धीवर आल्यावर तो एवढंच म्हणाला, की बाई, सांगितलं असतं तर मी दगडासारखा बसलो असतो. त्या दिवसापासून ताई आधी सांगतात, मग टोचतात.

अशा बाईने शेचाळिसाव्या वर्षी फ्रेंच शिकायला सुरुवात केली. काचेच्या दुकानावर एक खोली आहे, तिथे एक निवृत्त बाई संध्याकाळी वर्ग घेतात. बाकी सगळी कॉलेजातली पोरं, त्यांत ताई डबा, पाण्याची बाटली आणि रेघा मारलेली वही घेऊन पहिल्या बाकावर. घरात सगळ्यांनी टिंगल केली. आमच्या ह्यांनी तर विचारलं, की लॅबमध्ये आता फ्रेंच रक्त येणार आहे का. सासूबाई हसल्या, शिकू दे, डोकं तरतरीत राहतं म्हणाल्या. ताईही हसल्या. कारण विचारायचं कुणाला सुचलं नाही.

मला कळलं ते भाजी चिरताना. ताई ओट्यापाशी उभ्या राहून पाठांतर करायच्या आणि मी वही धरून तपासायची, म्हणून थोडं फ्रेंच माझ्याही डोक्यात शिरलं. लवकरच होणाऱ्या गोष्टी सांगायचा त्यांचा एक काळ आहे. त्यात म्हणे माणूस आधी ‘जातो’ आणि मग काम करतो. चहा पिणार असलं, तरी ते ‘मी पिण्याकडे चालले’ अशा थाटात सांगायचं. जाण्याचं तेवढं रूप माणसागणिक बदलतं : ज व्हे, त्यू व्हा, इल व्हा, नू झालाँ, व्हू झाले, इल व्हाँ. त्याच्यापुढे कामाचा शब्द जसाच्या तसा ठेवायचा, त्याला हात लावायचा नाही. ‘नाही’ म्हणायचं असेल तर जाण्याच्या अलीकडे ‘न’ आणि पलीकडे ‘पा’. बाईंनी सांगितलं होतं, की दूरच्या गोष्टींना, स्वप्नांना दुसरा काळ आहे. हा जवळचा. मनाने ठरलंय, बॅग दाराशी आहे, आभाळ भरून आलंय आणि आता कोसळणारच, अशा वेळी हा.

बाईंनी घरचा अभ्यास दिला, की रविवारी काय काय करणार ते लिहा. पोरांनी सिनेमा, पोहणं, झोप असं लिहिलं. ताईंनी अख्खं पान भरून लिहिलं : मी पट्टा बांधणार आहे, मी कापूस फिरवणार आहे, तुम्हाला गार लागणार आहे. बाई खूश झाल्या. त्यांनी सांगितलं, की तिकडच्या नर्स सुई घालायच्या आधी अगदी असंच म्हणतात, ‘सा व्हा पिके’, आता टोचणार बरं का. ताई त्या दिवशी घरी आल्या त्या लग्न ठरल्यासारख्या लाल होऊन. बावीस वर्षं त्या जे बोलत होत्या, ते दुसऱ्या कुठल्यातरी देशात रोज बोललं जात होतं.

पुढचा अभ्यास होता, काय करणार नाही ते लिहा. वही माझ्या हातात होती. स्वयंपाक करणार नाही, धुणं धुणार नाही, असं लिहीत शेवटी एक ओळ होती : ज न व्हे पा पार्ले आ मामाँ. आईशी बोलणार नाही. मी विचारलं, की आईंशी काय बोलणार नाही? त्यांनी दोन भेंड्या चिरल्या आणि मग सांगून टाकलं. फ्रेंच बोलणाऱ्या एका देशात वृद्धांचा मोठा दवाखाना आहे, तिथे रक्त काढायला माणसं हवी आहेत, त्यांनी अर्ज केलाय. मी म्हटलं, इथे काय कमी आहे? त्या म्हणाल्या, “कमी काहीच नाही गं. पण बावीस वर्षं मी त्याच पडद्यामागे आहे. मरायच्या आधी एकदा तरी पडदा सारून बाहेर जायचंय.”

मुलाखत संगणकावर झाली. समोरच्या दोघांनी विचारलं, की रक्त कसं काढाल ते दाखवा. ताईंनी मला खुर्चीत बसवलं, माझ्या दंडाला पट्टा बांधला आणि न अडखळता, एकेक गोष्ट आधी सांगत, रिकाम्या हाताने सगळं करून दाखवलं. सा व्हा पिके म्हणताना माझ्याकडे इतक्या मायेने पाहिलं, की सुई नसतानाही मी डोळे मिटले. पंधरवड्यात पत्र आलं.

आता आईंना सांगायचं. आणि इथेच ताईंची बोबडी वळली. सासूबाईंना रक्त पातळ करायची गोळी चालू आहे, त्यामुळे दर पंधरा दिवसांनी तपासणी. आठ वर्षं ते रक्त ताईच घरी काढतात आणि लॅबमध्ये नेतात. दुसरं कुणी हात लावलेलं सासूबाईंना खपत नाही. एकदा ताई तापाने पडल्या होत्या, तर सासूबाईंनी लॅबमधल्या मुलीला दारातून परत पाठवलं. ताई आज सांगते, रविवारी सांगते करत राहिल्या. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. मी त्यांना टोमणे मारत होते, पण खरं सांगायचं तर मला ते भिजत घोंगडं तसंच पडलेलं हवं होतं. ताई गेल्या की सासूबाई माझ्या वाट्याला येणार होत्या, गोळ्या, पथ्यं आणि रुसव्यांसकट. आईंनी ‘जाऊ नको’ म्हणावं आणि वाईटपणा माझ्याकडे येऊ नये, असं माझ्या मनात होतं.

जायला महिना उरला. रविवारी सकाळी नेहमीसारख्या सासूबाई खिडकीजवळच्या खुर्चीत बसल्या, हाताखाली उशी घेतली. ताईंनी पट्टा बांधला, कापूस फिरवला, शीर चाचपली आणि सुई घातली. सासूबाई दचकल्या. हात हलला आणि बघता बघता सुईच्या शेजारी जांभळं टेंगूळ आलं. ताईंनी सुई काढून कापूस दाबून धरला. मला आधी कळेचना काय चुकलं. मग लक्षात आलं, की ताई एक शब्दही बोलल्या नव्हत्या. बावीस वर्षांत पहिल्यांदा त्यांनी न सांगता टोचलं होतं.

ती गोळी घेणाऱ्या माणसाचा कापूस चांगली पाच मिनिटं दाबून धरावा लागतो. तेवढा वेळ दोघींपैकी कुणालाच उठता येत नाही. सासूबाईंनी टेंगळाकडे पाहिलं, मग लेकीकडे.

“आज सांगितलं नाहीस.”

ताईंनी कापसावर अंगठा घट्ट रोवला.

“एवढं काय आहे जिभेवर, की हे सांगायचं राहिलं?”

ताईंची नजर कापसावरून हलली नाही. त्या म्हणाल्या, “आई, मी जाणार आहे. लांब. तीन वर्षांसाठी. पुढच्या महिन्याच्या वीस तारखेला.”

मी दारात उभी होते. आता ह्या रडतील, नाहीतर छातीत कळ आली म्हणतील, असं मला वाटलं, आणि मला लाज वाटते, पण मी त्याची वाटच पाहत होते. सासूबाईंनी खिडकीबाहेर पाहिलं. मग लहान पोराच्या आवाजात त्यांनी विचारलं, “दुखेल का?”

ताईंचा चेहरा पाहवत नव्हता. थोडं, असं म्हणून त्या सुटू शकल्या असत्या. रोज पन्नास जणांना तेच तर म्हणत होत्या.

“दुखेल. खूप दुखेल. मलाही.”

सासूबाईंनी मान हलवली. “मग ठीक आहे. बसेन मी दगडासारखी.” ड्रायव्हरची गोष्ट घरात सगळ्यांना पाठ होती. ताई तेव्हा रडल्या, पण कापसावरचा अंगठा काही उचलला नाही.

वीस तारखेला ताई गेल्या. त्यानंतरच्या पहिल्या रविवारी लॅबमधली नवी मुलगी आली आणि घाईघाईत म्हणाली, की आजी, काही दुखणार नाही हं. सासूबाईंनी हात मागे घेतला. दुखणार आहे असं म्हण, मग टोच, असं तिला बजावलं आणि तिने तसं म्हटल्यावरच हात पुढे केला. मुलीला पुढच्या घरी जायचं होतं, म्हणून ती कापूस माझ्या हाती देऊन गेली.

मी सासूबाईंचा हात असा कधी धरला नव्हता. पंधरा वर्षांत वाढलं, दिलं, घेतलं, नमस्कार केला, पण हात धरला नव्हता. कातडी कागदासारखी झाली होती आणि आत नाडी चालू होती. घड्याळात पाच मिनिटं झाली तसं मी अंगठा सैल केला आणि सांगितलं, “आई, आता काढणार आहे.”

“असू दे अजून थोडं,” त्या म्हणाल्या.